संग्राह्य नाण्यांचे ऑनलाइन लिलाव

संग्राह्य नाण्यांचे ऑनलाइन लिलाव म्हणजे जुनी, दुर्मीळ किंवा विशेष प्रतीची देशी-विदेशी नाणी इंटरनेटवर बोली लावून विकण्याची पद्धत होय. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नाण्यांचे लिलाव मोजक्या शहरांतील दालनांत, छापील सूचीच्या आधारे आणि मर्यादित लोकांच्या उपस्थितीत होत असत. इंटरनेटमुळे ही सीमा पुसली गेली. विशेषतः २०२० च्या कोरोना साथीत दालने बंद पडल्यावर जगातील बहुतेक लिलावगृहांनी बोली लावण्याचे काम पूर्णपणे ऑनलाइन नेले. त्यानंतर उत्तम प्रतीच्या नाण्यांच्या किमती ठळकपणे वाढल्या. महाराष्ट्रात या विषयाला विशेष महत्त्व आहे. मुंबईच्या टांकसाळीने अनेक परदेशी चलनांची नाणी पाडली असून ती आज जगभरच्या लिलावांत विकली जातात. शिवाय कोकणपट्टीतील भिवंडी, कल्याण, वसई, ठाणे या जुन्या व्यापारी गावांतून परदेशी सोन्याची नाणी दागिन्यांच्या रूपाने घराघरांत पोचली आहेत.

पार्श्वभूमी

ईबे हे संकेतस्थळ १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. सामान्य माणसाला घरबसल्या परदेशातील विक्रेत्याकडून नाणे घेता येण्याची सोय प्रथम मोठ्या प्रमाणावर तेथे झाली. २००४ मध्ये या कंपनीने बाझी डॉट कॉम ही भारतीय कंपनी विकत घेऊन भारतात प्रवेश केला. भारतीय संग्राहकांची एक पिढी याच संकेतस्थळावर घडली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्याची तत्कालीन भारतीय आवृत्ती बंद झाली. तोवर नाण्यांसाठीच वाहिलेली लिलावगृहे भारतात चांगली रुजली होती. मुंबईतील टोडीवाला ऑक्शन्स आणि ओसवाल अँटिक्स, बंगळूरचे मरुधर आर्ट्स, अहमदाबादची क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी ही त्यांतील परिचित नावे होत. दालनातील प्रत्यक्ष लिलाव चालू असतानाच संगणकावरून बोली लावण्याची सोय ही लिलावगृहे देतात.

परदेशात लंडनचे स्पिंक, अमेरिकेतील हेरिटेज व स्टॅक्स बाउअर्स, जर्मनीतील क्युन्कर, ऑस्ट्रेलियातील नोबल ही मोठी लिलावगृहे आहेत. नम्सबिड्स आणि सिक्सबिड यांसारख्या संकेतस्थळांवर अनेक लिलावगृहांच्या सूची एकत्र पाहता येतात. पूर्ण झालेल्या लिलावांतील किमतीही तेथे शोधता येतात. बाजारातील बदलाचा खरा उगम या शेवटच्या सोयीत आहे. पूर्वी एखाद्या नाण्याला काय भाव आला हे व्यापाऱ्याला ठाऊक असे, विकणाऱ्याला क्वचितच. आता दोघेही तीच नोंद पाहतात.

किंमत कशी ठरते

नाणे जितके जुने तितके महाग, हा सर्वत्र आढळणारा समज चुकीचा आहे. कोकणात शिलाहारांच्या काळी वापरात असलेली गधैया नाणी सुमारे हजार वर्षांची आहेत. त्यांपैकी काहींवर छित्तराज या शिलाहार राजाचे नावही आढळते. तरीही साध्या प्रकारची गधैया नाणी काही शे रुपयांत मिळतात, कारण ती फार मोठ्या संख्येने सापडली आहेत. याउलट १९३९ साली मुंबईत पाडलेला सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया शंभर वर्षांचाही नाही. मात्र त्यातील बहुतेक नाणी आटवली गेल्यामुळे तो ब्रिटिश भारतीय रुपयांमधील सर्वांत दुर्मीळ नाण्यांपैकी एक मानला जातो.

टांकसाळीतून किती नाणी बाहेर पडली यापेक्षा किती शिल्लक राहिली, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. या नाण्यावर राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. सुमारे ९४ लाख नाणी पाडली गेली होती. त्यांपैकी सुमारे ७ लाख चलनात आली होती. उरलेली परत घेऊन आटवण्यात आली आणि १९१२ पासून हत्तीचे चित्र सुधारून नवा ठसा वापरण्यात आला. जनतेच्या रोषातून जन्मलेले हे नाणे आज संग्राहकांच्या यादीत हमखास असते.

शिल्लक संख्या कधी अचानक बदलते. १९०६ मध्ये नाशिकजवळील जोगलटेंभी येथे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. क्षहरात क्षत्रप नहपान याची ती नाणी होती. त्यांपैकी ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. तोपर्यंत नहपानाची नाणी फारच थोडी ज्ञात होती. एका साठ्याने ती संग्राहकांच्या आवाक्यात आणली. इतिहासाच्या दृष्टीने या साठ्याचे मोल किमतीपेक्षा वेगळे आहे. नहपानाचा पराभव आणि सातवाहनांची पुनःस्थापना यांचा धातूवर उमटलेला असा दुसरा पुरावा नाही.

दुसरा घटक म्हणजे नाण्याची प्रत. अमेरिकन संग्राहक विल्यम शेल्डन याने १९४९ मध्ये १ ते ७० अंकांची प्रतवारी मांडली. मूळची ती अमेरिकेच्या जुन्या सेंट नाण्यांसाठी होती, पुढे सर्वच नाण्यांना लागू झाली. १९८० च्या दशकात पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था सुरू झाल्या. त्या नाणे तपासून, अंक देऊन पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. अशा डबीतील नाण्याची प्रत केवळ छायाचित्रावरून मान्य करता येते. त्यामुळे दूरदेशीचा खरेदीदारही निर्धास्तपणे बोली लावतो. मात्र याचा एक विचित्र परिणाम झाला आहे. ६४ आणि ६६ या अंकांत साध्या डोळ्यांना फरक जाणवणे कठीण असते, तरी किमतीत तो दुपटी-तिपटीचा असू शकतो. संग्राहक नाणे घेतो की अंक घेतो, अशी टीका जाणकारांकडून होते व ती अगदी निराधार नाही.

धातूचा भाव हा तिसरा घटक. १९८० च्या जानेवारीत चांदी औंसामागे सुमारे ५० डॉलरपर्यंत चढली, तेव्हा जगभर चांदीची नाणी आटवण्यासाठी गेली. २०२५ मध्ये भारतात १० ग्रॅम सोन्याचा भाव प्रथमच १ लाख रुपयांपर्यंत पोचला, तर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चांदीने आंतरराष्ट्रीय बाजारात ५० डॉलरची पातळी ओलांडली. साध्या प्रतीच्या नाण्यांची किंमत धातूबरोबर वर गेली. ही वाढ संग्रहमूल्याची नव्हे, हे लिलावाच्या बातम्या वाचताना लक्षात ठेवावे लागते.

उच्च टोकाला मात्र धातूचा काहीच संबंध उरत नाही. अमेरिकेचे १९३३ चे वीस डॉलरचे सोन्याचे नाणे, ज्याला डबल ईगल म्हणतात, २००२ मध्ये सुमारे ७५.९ लाख डॉलरना विकले गेले होते. तेच नाणे ८ जून २०२१ रोजी न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरना गेले. या वर्षाची नाणी अमेरिकन सरकारने चलनात न आणता आटवली होती आणि खासगी व्यक्तीला कायदेशीररीत्या बाळगता येणारे असे हे एकच नाणे आहे.

मुंबई टांकसाळीची परदेशी नाणी

परदेशी लिलावांच्या सूचींत मुंबईचे नाव वारंवार येते. यामागे टांकसाळीचा शतकभराचा इतिहास आहे.

सर्वांत अधिक मागणी असलेले नाणे म्हणजे ब्रिटिश व्यापारी डॉलर. हाँगकाँग, मलाया सामुद्रधुनीतील वसाहती व चीनचा किनारा येथील व्यापारासाठी १८९५ पासून हे नाणे मुख्यतः मुंबईत पाडले जाई. वजन सुमारे २६.९५ ग्रॅम आणि चांदी ९० टक्के. पुढील बाजूस त्रिशूळ व ढाल घेऊन उभी ब्रिटानिया, तर मागील बाजूस चिनी आणि मलायी लिपीतील मूल्यलेख आहे. त्रिशूळाच्या मधल्या टोकावर कोरलेले अगदी बारीक रोमन ‘बी’ अक्षर मुंबईची खूण होय. ते पाहण्यासाठी भिंग लागते. चिनी सराफ नाणे पारखल्यावर त्यावर आपल्या पेढीचा छोटा शिक्का ठोकत. असे ठोकलेले डॉलर पूर्वी खराब समजून कमी भावात विकले जात. आता त्यांचा स्वतंत्र संग्रह करणारे लोक आहेत आणि भाव त्याप्रमाणे बदलला आहे.

या मालिकेत १९२१ आणि १९३५ ही मुंबईची वर्षे अत्यंत दुर्मीळ आहेत. १९३५ मध्ये पाडलेल्या नाण्यांची संख्या कागदावर मोठी दिसते. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक आटवली गेली. १९३७ मध्ये हे नाणे चलनातून बाद झाले. सूचीतील संख्या पाहून हे साधे नाणे आहे असे मानणाऱ्या विक्रेत्याचे येथे मोठे नुकसान होऊ शकते.

पहिल्या महायुद्धात सोन्याची समुद्रमार्गे ने-आण धोक्याची झाली. तेव्हा मुंबईत १९१८ साली प्रथम १५ रुपयांची सोन्याची मोहर पाडण्यात आली. वजन व शुद्धतेत ती ब्रिटिश सॉव्हरिनइतकीच होती आणि तिची संख्या सुमारे २१ लाख होती. त्यानंतर लंडनच्या रॉयल मिंटची शाखा मुंबईत तात्पुरती उघडून प्रत्यक्ष सॉव्हरिनच पाडले गेले. त्यांची संख्या सुमारे १३ लाख. तारखेच्या वरील जमिनीच्या रेषेवर असलेले रोमन ‘आय’ अक्षर ही त्यांची खूण. मुंबईचा सॉव्हरिन दुर्मीळ नसल्याने सोन्याच्या भावापेक्षा थोडीशीच अधिक किंमत त्याला येते. १५ रुपयांच्या मोहरेसाठी मात्र संग्राहक बरीच अधिक रक्कम मोजतात, कारण भारतीय आणि ब्रिटिश दोन्ही मालिकांचे संग्राहक तिच्या मागे असतात. २०१३ पासून एमएमटीसी-पॅम्प या कंपनीने रॉयल मिंटच्या परवानगीने भारतात पुन्हा सॉव्हरिन पाडले. त्यांवरही ‘आय’ हीच खूण आहे. दोहोंत गल्लत होऊ नये म्हणून वर्ष पाहावे लागते.

मारिया थेरेसा टेलर या ऑस्ट्रियन नाण्याची गोष्ट आणखी वेगळी. राणी मारिया थेरेसा १७८० मध्ये मरण पावली. अरबस्तान, इथिओपिया व तांबड्या समुद्राच्या प्रदेशात लोकांचा तिच्या मुखवट्याच्या नाण्यावर इतका विश्वास होता की पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ १७८० हेच साल घालून निरनिराळ्या देशांत हे नाणे पाडले गेले. दुसऱ्या महायुद्धात, १९४० आणि १९४१ मध्ये, मुंबईच्या टांकसाळीनेही ते सुमारे १ कोटी ८९ लाख इतक्या मोठ्या संख्येने पाडले. वजन २८.०७ ग्रॅम, चांदी ८३.३ टक्के. राणीच्या छातीवरील पदकातील मोती, गरुडाच्या शेपटीतील पिसांची ठेवण अशा सूक्ष्म फरकांवरून टांकसाळ ओळखली जाते. ऑनलाइन विक्रीच्या जाहिरातींत हे नाणे ‘अडीचशे वर्षांचे’ म्हणून सर्रास विकले जाते. बहुतेकदा त्याची किंमत चांदीच्या भावाच्या आसपासच असते.

१९४२ आणि १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियाचे तांब्याचे पेनी व अर्धा पेनीही मुंबईत पाडले गेले. त्यांवरही ‘आय’ ही खूण आहे. सामान्य प्रतीत ही नाणी स्वस्त आहेत. मूळची तांबूस झळाळी टिकलेले नग मात्र ऑस्ट्रेलियन लिलावांत चांगला भाव मिळवतात.

पुतळी, गिनी आणि भिवंडी परिसर

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील शहर कामवारी नदीच्या परिसरात, वसई आणि कल्याण या जुन्या बंदरांच्या मधल्या पट्ट्यात आहे. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. १५३४ पासून पोर्तुगिजांकडे असलेली वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. अशा या पट्ट्यात एकाच बाजारात अनेक राजवटींची नाणी फिरत होती. आज हे शहर यंत्रमाग आणि ऑनलाइन खरेदीच्या मालाची प्रचंड गोदामे यांसाठी ओळखले जाते. नाण्यांच्या लिलावाचा मात्र या गोदामांशी फारसा संबंध येत नाही. विकलेले नाणे लिलावगृहातून विमा उतरवून थेट खरेदीदाराकडे पाठवले जाते.

कोकणातील जुन्या घरांत परदेशी नाणी संग्रह म्हणून आली नाहीत, दागिना म्हणून आली. पुतळ्यांची माळ हा महाराष्ट्रातील पारंपरिक अलंकार व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्यावरून आला. डुकाट १२८४ पासून व्हेनिस प्रजासत्ताकाच्या १७९७ मधील अखेरीपर्यंत पाडले जात होते. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. एका बाजूस संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक, दुसऱ्या बाजूस येशू ख्रिस्त. या मानवाकृतींमुळे आपल्याकडे नाण्याला ‘पुतळी’ हे नाव मिळाले. मागणी इतकी होती की भारतातच त्याच्या नकला घडवल्या गेल्या. त्यांवरील रोमन लेख निरक्षर कारागिराने काढलेल्या रेघोट्यांसारखा दिसतो. या नकलाही आता स्वतंत्र प्रकार म्हणून सूचीबद्ध होतात. खऱ्या डुकाटपेक्षा त्यांची किंमत कमी असते, पण त्या टाकाऊ नाहीत.

त्याचप्रमाणे ब्रिटिश सॉव्हरिनला घराघरांत ‘गिनी’ म्हणतात. काटेकोरपणे गिनी हे त्याआधीचे वेगळे ब्रिटिश नाणे होय, परंतु मराठीत तोच शब्द रूढ झाला आहे. सॉव्हरिनचे वजन ७.९९ ग्रॅम, त्यात शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम असते.

दागिन्यासाठी नाण्याला कडी डाखवली गेली असल्यास त्याचे संग्रहमूल्य जवळजवळ नाहीसे होते. कडी काढून घासलेली जागा लिलावगृहाच्या सूचीत ‘दागिन्यातून काढलेले’ अशा शब्दांत नोंदवली जाते आणि प्रतवारी करणाऱ्या संस्था अशा नाण्याला अंक देण्याचे टाळतात. नाणे चिंच, राख किंवा पितांबरीने लख्ख घासण्याची सवयही तितकीच घातक आहे. चांदीवर कालांतराने चढलेला करडा-निळसर थर हा संग्राहकाच्या दृष्टीने नाणे अस्सल व अस्पर्शित असल्याची खूण आहे. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनात दरवर्षी घासूनपुसून मांडलेले राणी छाप रुपये त्यामुळे श्रद्धेच्या दृष्टीने अनमोल असले तरी लिलावात चांदीच्याच भावाने जातात.

याहून मोठे नुकसान आटवण्यात होते. गावातील सराफ जुने चांदीचे नाणे बहुधा वजनावर घेतो. १९३९ पर्यंतच्या रुपयात ११.६६ ग्रॅम वजनापैकी ९१.७ टक्के चांदी असते. १९४० पासून ती ५० टक्क्यांवर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. चांदीचा भाव चढला की घराघरांतली नाणी बाहेर येतात. त्यांत एखादे दुर्मीळ वर्ष किंवा अपरिचित परदेशी डॉलर असेल, तर तेही इतरांबरोबर मुशीत जाते. वर्ष आणि टांकसाळीची खूण तपासण्यास काही मिनिटे लागतात. ती न दिल्याने किती नाणी नष्ट झाली याची मोजदाद होऊ शकत नाही.

लिलावाची पद्धत

लिलावगृह प्रत्येक नाण्याला क्रमांक देऊन त्याचे छायाचित्र, वजन, व्यास, प्रत आणि अंदाजित किंमत जाहीर करते. खरेदीदार आपली कमाल रक्कम आधी नोंदवू शकतो. त्याच्या वतीने यंत्रणा टप्प्याटप्प्याने बोली वाढवते. विक्रेत्याने ठरवलेली राखीव किंमत गाठली नाही तर नाणे विकले जात नाही.

अंतिम बोली हीच खर्चाची रक्कम नव्हे. तीवर खरेदीदाराचा अधिभार लागतो. मोठ्या परदेशी लिलावगृहांत तो २० टक्के किंवा त्याहून अधिक असतो. भारतातील खरेदीवर वस्तू व सेवा कर, तर परदेशातून मागवल्यास टपाल, विमा आणि सीमाशुल्क यांची भर पडते. विक्रेत्याकडूनही कमिशन घेतले जाते. वृत्तपत्रांत येणाऱ्या विक्रमी किमतींमध्ये अधिभार धरलेला असतो, म्हणून विक्रेत्याच्या हाती पडणारी रक्कम आणि बातमीतील आकडा यांत मोठे अंतर असते.

संगनमताने खोट्या बोली लावून भाव फुगवणे हा या बाजाराचा जुना रोग आहे. दालनात निदान समोरची माणसे दिसत. ऑनलाइन लिलावात बोली लावणारा केवळ क्रमांक असतो. म्हणून जाणकार एका विक्रीवरून भाव ठरवत नाहीत. त्याच प्रतीच्या नाण्याच्या तीन-चार विक्री वेगवेगळ्या लिलावगृहांत पाहून मगच अंदाज बांधतात.

कायदा

पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार शंभर किंवा अधिक वर्षे अस्तित्वात असलेले कोणतेही नाणे पुरावस्तू ठरते. अशी वस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकार किंवा सरकारने अधिकृत केलेल्या संस्थेलाच आहे. पुरावस्तूंचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो. देशात बाळगणे व परवानाधारकामार्फत विकणे कायद्याने निषिद्ध नाही.

शंभर वर्षांची ही रेषा स्थिर नाही. दरवर्षी ती एक वर्ष पुढे सरकते. मुंबईचा १९१८ चा सॉव्हरिन आणि १५ रुपयांची मोहर २०१८ मध्ये पुरावस्तू झाली. १९३५ चा व्यापारी डॉलर २०३५ मध्ये होईल. त्यामुळे एकाच नाण्याचे दोन बाजार तयार होतात. लंडन किंवा सिंगापूरमधील नग जगात कुठेही विकता येतो, तर भारतातला नग भारतातच विकावा लागतो. परिणामी परदेशातील किंमत पाहून भारतातील विक्रेत्याने तेवढ्याच रकमेची अपेक्षा धरणे चुकीचे ठरते. उलट काही भारतीय प्रकारांना देशांतर्गत संग्राहकांच्या चुरशीमुळे परदेशापेक्षा येथेच अधिक भाव येतो आणि मग परदेशी लिलावांतून नाणी भारतात परत येतात. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे केवळ प्रतवारीसाठी परदेशी पाठवणे हीसुद्धा कायद्याच्या व्याख्येने निर्यातच होय. या कलमाची अनेक नवख्या संग्राहकांना कल्पना नसते.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांना भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. दहा रुपये ही मर्यादा एकोणिसाव्या शतकातील आहे. आज एखादे चांदीचे नाणेही तिच्यापलीकडे जाते. पायाच्या खोदकामात मिळालेली नाणी परस्पर वाटून घेतली किंवा आटवली गेली की जोगलटेंभीच्या साठ्यासारखा पुरावा कायमचा नष्ट होतो.

मालकीचा इतिहास किंवा प्रोव्हेनन्स हा विषय अलीकडे किमतीचाच भाग झाला आहे. ज्युलियस सीझरच्या हत्येची आठवण देणारे सोन्याचे रोमन नाणे ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या रोमा न्युमिस्मॅटिक्सच्या लिलावात ३२ लाख पौंडांहून अधिक किमतीस विकले गेले. त्याच्या मालकीचा इतिहास खोटा असल्याचे पुढे निष्पन्न झाले आणि मार्च २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आले. भारताच्या संदर्भात जहांगीर बादशहाच्या हजार तोळी मोहरेचे उदाहरण दिले जाते. आग्र्यात १६१३ मध्ये पाडलेले, सुमारे १२ किलो वजनाचे हे नाणे हैदराबादच्या निजामाच्या घराण्याकडे होते. नोव्हेंबर १९८७ मध्ये ते जिनिव्हा येथे लिलावास निघाले, परंतु बोली राखीव किमतीपर्यंत न पोचल्याने विकले गेले नाही.

बनावट नाणी

भाव वाढला की बनावट नाणी वाढतात. शिवाजी महाराजांचा सुवर्ण होन हे याचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपती’ असा लेख असलेला, तीन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा हा होन फार थोड्या संख्येने ज्ञात आहे आणि त्याची किंमत लाखांत जाते. बाजारात त्याच्या ओतीव नकला अस्सल होनांपेक्षा कितीतरी अधिक आहेत. त्याच राजाची तांब्याची शिवराई मात्र विपुल असून सामान्य प्रकार माफक किमतीत मिळतो. शिवकालीन नाणे हाताशी असावे अशी इच्छा असणाऱ्याने होनाच्या मागे लागण्यापेक्षा शिवराईपासून सुरुवात करणे श्रेयस्कर.

व्यापारी डॉलरच्याही असंख्य नकला आहेत. वजन, व्यास आणि कडेवरील रेघा प्रथम तपासतात. ९० टक्के चांदीची सापेक्ष घनता सुमारे १०.३ असते. पाण्यात तोलून ती घरच्या घरी काढता येते आणि नाण्याला इजा होत नाही. १९३८ च्या रुपयावरील शेवटचा अंक कोरून १९३९ केल्याचे प्रकारही आढळतात. अशा वेळी वजन आणि धातू दोन्ही बरोबर असतात, म्हणून भिंगाखाली अंकाभोवतीचा पृष्ठभाग पाहावा लागतो. मुंबई व कलकत्त्याच्या टांकसाळींनी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी नंतर पाडलेली नाणी या बनावट वर्गात मोडत नाहीत. त्यांना पुनष्टंकित नाणी म्हणतात व त्यांचा भाव स्वतंत्र असतो.

तुलनेसाठी अस्सल नाणी पाहण्याची सोय महाराष्ट्रात चांगली आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथील भारतीय मुद्रा संशोधन संस्था १९८० पासून कार्यरत आहे. मुंबईत फोर्ट भागातील रिझर्व्ह बँकेचे संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथे नाण्यांची दालने आहेत. लिलावाआधी नाणी मांडली जातात तेव्हा ती हातात घेऊन पाहण्याची मुभाही खरेदीदारास असते, पण ऑनलाइन बोलीच्या सवयीमुळे तिचा लाभ घेणारे कमी झाले आहेत.

जुन्या नाण्यांच्या नावाने फसवणूक

लिलावांतील विक्रमी किमतींच्या बातम्यांबरोबरच एक निराळा व्यवसाय फोफावला. वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या २०१२ च्या पाच किंवा दहा रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, अशा चित्रफिती व जाहिराती समाजमाध्यमांतून पसरतात. हे नाणे मोठ्या संख्येने निघालेले असून चलनात आहे. संग्राहकांच्या बाजारात त्याला दर्शनी किमतीहून फारसे अधिक मिळत नाही.

फसवणुकीची रीत ठरलेली असते. नाण्याचे छायाचित्र मागवले जाते, मोठी किंमत मान्य केली जाते आणि मग नोंदणी, कर, कमिशन किंवा ‘रिझर्व्ह बँकेचे प्रमाणपत्र’ यांसाठी आधी थोडे, मग अधिक पैसे मागितले जातात. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्धिपत्रक काढून याबाबत इशारा दिला. बँक अशा व्यवहारात कधीही पडत नाही, कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या वतीने ते घेण्याचा अधिकार तिने कोणत्याही संस्थेस वा व्यक्तीस दिलेला नाही, असे त्यात स्पष्ट केले आहे. खरे लिलावगृह आपले कमिशन विक्रीनंतर मिळालेल्या रकमेतून कापते. नाणे विकले जाण्याआधी विक्रेत्याकडे पैसे मागणारा खरेदीदार नाण्याचा ग्राहक नसतो. अशा प्रकारे पैसे गेल्यास तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक उपलब्ध असून तक्रार जितकी लवकर होईल तितकी खात्यातील रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.